पाठमोऱ्या गप्पा

माझी मुलगी माझ्याशी मनातलं बोलते ते माझी तिच्याकडं पाठ असते तेव्हा. मी ओट्याशी भाकरी थापत असते, ती मागं फरशीवर भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर बायोलॉजीचं पुस्तक. परात वाजत असते आणि मध्येच येतं, "आई, काल टेस्टला पहिली वीस मिनिटं मला नुसती अक्षरं दिसत होती. वाचता येत होतं, पण कळतच नव्हतं." अशा वेळी वळून बघितलं की संपलं. "काही नाही गं, असंच," म्हणून पोरगी पुस्तकात. म्हणून मी वळत नाही. भाकरी तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते आणि फक्त "मग?" एवढंच म्हणते. त्यानंतर कधी काही येतं, कधी येत नाही.

मुलाची जागा वेगळी. तो नववीत आहे. घरात काहीही विचारा, "हं" आणि "माहीत नाही" या दोनच उत्तरांवर त्याचा दिवस निघतो. पण स्कूटीवर मागं बसला की त्याला कंठ फुटतो. वर्गात कोणी कोणाला मारलं, कोणाचं कोणावर क्रश आहे, गणिताचे सर कसे एकाच बाकाकडं बघून शिकवतात. वाऱ्यामुळं निम्मं ऐकू येत नाही, पण "काय म्हणालास?" असं विचारायचं नाही हे मला आता माहीत झालंय. सिग्नलला गाडी थांबली की हाही थांबतो, शेजारच्या गाडीवरचे ऐकतील म्हणून. औसा रोडवरचे सिग्नल हिरवे मिळावेत यासाठी देवाचा धावा करणारी लातुरात मी एकटीच आई असेन.

"बस इथं, जरा बोलायचंय," असं म्हटलं की दोघांचेही खांदे आवळतात. त्यात त्यांचं काय चुकलं? आपल्या घरांतून हे वाक्य रागावण्याच्या आधीच वापरलेलं असतं.

मुलांना किती वेळ देता यापेक्षा कसा देता हे महत्त्वाचं, असं हल्ली जो तो सांगतो. तीन-चार वर्षांच्या पोराच्या बाबतीत असेलही. वयात आलेल्या मुलांच्या बाबतीत मला ते अजिबात पटत नाही. रविवारी संध्याकाळी सहा ते सात आपण गप्पा मारू, असं ठरवून बघा, एक तास भिंतीवरची पाल मोजत बसाल. या वयातल्या मुलांचं बोलणं लातूरच्या नळासारखं असतं. येईल तेव्हा येईल, रात्री अकराला येईल, पहाटे येईल, आणि नेमकं तेव्हा घरी कोणी नसलं तर पुढच्या पाळीपर्यंत बसा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेलं हे शहर. इथल्या बाईला वाट बघत घरी थांबणं कोणी शिकवावं लागत नाही.

तर, घरी असणं. काही न विचारता, हाताला काम लावून, ऐकू येईल एवढ्या अंतरावर असणं. मोठ्या होणाऱ्या मुलांसाठी आईबापाला दुसरं फारसं काही करता येतं असं मला वाटत नाही. अडचणही तिथंच आहे. मी या घरी असले की त्या घरी नसते.

मुलीची दहावी झाली आणि आम्ही लातूरला बिऱ्हाड केलं. आम्ही म्हणजे मी आणि दोन मुलं. औसा तालुक्यातल्या गावी ह्यांची शेती, सासूबाई आणि दोन म्हशी. ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. घरमालकानं पहिला प्रश्न विचारला, "नीट का जेईई?" म्हणजे मेडिकलची परीक्षा का इंजिनिअरिंगची. जात, गाव, नवरा काय करतो, हे सगळं नंतर. आमच्या गल्लीत दारोदार असंच आहे. अहमदपूर, उदगीर, निलंगा, गंगाखेड, कळंब. आई आणि मुलं इथं, बाप आणि म्हातारी माणसं तिकडं. शनिवारी संध्याकाळी बस स्टँडवरून बाप लोक येतात, एकेकाच्या खांद्यावर ज्वारीचं निम्मं कट्टं, हातात दुधाचा कॅन. रविवारी गल्लीत मटणाचा वास, सोमवारी पहाटे बाप गायब. लहान पोरं विचारतात, पप्पा कधी गेले?

पूर्वी घर असं फुटत नव्हतं. पोरगं शहरात खोली करून राहायचं आणि त्याचा डबा एसटीनं जायचा. माझ्या भावाचा डबा आई सकाळच्या पहिल्या गाडीत द्यायची. कापडी पिशवी, त्यावर बॉलपेननं नाव आणि गाव. ड्रायव्हरच्या मागं अशा पिशव्यांची रांगच असायची, आणि लातूरच्या स्टँडवर पोरं गाडीची वाट बघत उभी. आता डब्याऐवजी आईच गाडीत बसून येते आणि राहते. बायकांना 2023 पासून एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्यामुळं माझं येणं-जाणं तरी परवडतं. भाऊ त्या डब्यांवर शिकला. दहावीनंतर माझाही डबा एखाद्या गाडीनं जाऊ शकतो, हे तेव्हा घरात कोणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी कोणी बोललं नसतं.

लातूर पॅटर्न, म्हणजे इथली पोरांकडून अभ्यास करून घ्यायची पद्धत, हे नाव मी शाळेत असताना ऐकलं, तेव्हा ते बोर्डाच्या गुणवत्ता यादीशी जोडलेलं होतं. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद, शाहूचे प्राचार्य जनार्दन वाघमारे सर, ही नावं आमच्या गुरुजींच्या तोंडी देवासारखी असायची. पुण्या-मुंबईच्या पोरांच्या यादीत मराठवाड्यातली पोरं घुसली, याचा सगळ्या जिल्ह्याला कैफ चढला होता. तो अभिमान खोटा नव्हता. आता ती यादी गेली आणि नीट आली. 180 प्रश्न, 720 मार्क, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. 2024 चा निकाल लागला तेव्हा 67 पोरांना 720 पैकी 720 पडल्याचं आधी जाहीर झालं, पुढं पेपरफुटीचा आणि ग्रेस मार्कांचा सगळा गोंधळ बाहेर आला, आणि आमच्या गल्लीत महिनाभर पोरांपेक्षा आयाच जास्त जागत होत्या.

इथं पोराची ओळख मार्कांनी होते. किराणावाला विचारतो, झेरॉक्सवाला विचारतो, लग्नात वाढपी विचारतो, "किती पडले?" टेस्ट झाली की रँक लिस्ट पालकांच्या ग्रुपवर पडते. मुलगी घरी पोचायच्या आधी तिचा नंबर तिकडं शेतात तिच्या पप्पांच्या मोबाइलवर पोचलेला असतो. मग त्यांचा फोन. चपला काढेपर्यंत तिला दम नाही. शेवटी मी घरात एक नियम केला, पोटात अन्न जाईपर्यंत मार्क विचारायचे नाहीत. ह्यांना तो पाळणं फार जड गेलं. मग त्यांनी वाट काढली. फोन करतात आणि आवाज अगदी मऊ करून विचारतात, "आज काय जेवलीस, बाई?" पोरगी त्यांचीच. ती म्हणते, "मेथी, भाकरी, आणि 512."

दोघंही हसतात. मार्क कळतातच. पण त्या हसण्यात तिचा खांदा सैल पडतो, मला तेवढं पुरे.

घरभाडं निघावं म्हणून मी मुलांचे डबे करते. मेस म्हणावं एवढं मोठं नाही, गल्लीतली आणि पलीकडच्या हॉस्टेलमधली आठ-दहा पोरं. दुपारचा डबा त्यांचा ते नेतात, रात्री काही जण इथंच जेवून जातात. दुसऱ्याची पोरं रोज जेवायला घातली की आपल्या पोरांबद्दलचे बरेच गैरसमज गळून पडतात. माझाच मुलगा घुम्या आहे असं मला वाटायचं. सगळेच घुमे आहेत. पाच पोरं एका ओळीत जेवतात आणि वरणाचं पातेलं सरकवण्यापलीकडं एक शब्द नाही. आपलीच मुलगी कारण नसताना रडते असं वाटायचं. समोरच्या खोलीतली हिंगोलीची मुलगी रडायला गच्चीवर जाते, एवढाच फरक.

डबा परत आला की मी आधी उघडून बघते. कोणी काय ठेवलंय यावरून बरंच कळतं. भात उरला तर घाईत खाल्लं. भाजी उरली तर माझी भाजी बिघडली. सगळंच परत आलं तर मात्र कान टवकारायचे. परभणीकडचा एक मुलगा, रिपीटर बॅचचा, त्याचा डबा सलग भरलेला यायला लागला. मी काही विचारलं नाही. एका संध्याकाळी त्याच्यापुढं हरभऱ्याचे ढाळे टाकले, म्हटलं, बाबा, सोलून दे, मला उशीर होतोय. घाटे सोलता सोलता तो मान खाली घालून बोलायला लागला. झोप नाही. छातीत धडधडतं. मागच्या वर्षीपेक्षा या वर्षी मार्क कमी पडतायत, घरी सांगायची सोय नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर गॅसवाला, प्लंबर, टँकरवाला आणि 14416. तो शेवटचा नंबर टेलि-मानसचा. मनाच्या त्रासासाठी सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. मी त्याला कपाट उघडून नंबर दाखवला, आणि तुझ्या वडलांना मी फोन करू का असं विचारून घेतलं. तो बराच वेळ घाटे सोलत राहिला. मग म्हणाला, "करा काकू, पण मार्काचं तुम्ही सांगू नका. मी सांगतो." वडील दुसऱ्या दिवशी आले. शिकलेला माणूस नाही, पण पोराला घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसला, दोन दिवस राहिला. नंतर डबा रिकामा यायला लागला. ते वडील काय बोलले हे मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

झोपेबद्दल मला भांडायचं आहे, पण कोणाशी भांडावं ते कळत नाही. वयात आल्यावर शरीराचं घड्याळ पुढं सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून या पोरांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. तो आळस नसतो. 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. राज्य सरकारनं 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. चांगलं केलं. पण चौथीतलं पोर तसंही कोंबड्याबरोबर उठून आईच्या पोटावर नाचत असतं. ज्यांना खरी गरज, त्यांच्या बॅचा पहाटेच्या. केंद्र सरकारनंही त्याच वर्षी जानेवारीत कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 16 वर्षांखालचं मूल घेऊ नका, दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त शिकवू नका, फार सकाळी नको, फार रात्री नको. कागद उत्तम आहे. आमच्या खिडकीखालून सायकली जातात तेव्हा बाहेर अजून अंधार असतो.

रविवारी मी दोघांना उठवत नाही. सासूबाई आल्या की त्यांना हे बघवत नाही. "कामून गं, उन्हं डोक्यावर आली की!" मी म्हणते, "आत्या, झोपू द्या. रानातलं काम करून आल्यात असं समजा." त्यावर त्या जरा विचार करतात. कामानं दमलेल्या माणसाला उठवायचं नाही हे त्यांना मान्य आहे, फक्त पुस्तक हे काम आहे यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

दोन खोल्यांत सासूबाई, वयात आलेली मुलगी आणि मिसरूड फुटलेला मुलगा हे सगळं एकत्र आलं की आणखी एक प्रश्न येतो, पाळीचा. गावच्या घरात मागची खोली आहे. चार दिवस बाजूला बसायचं, देवाला शिवायचं नाही, लोणच्याला शिवायचं नाही, मीही केलं. इथं बाजू कुठली काढणार? पोरगी ओट्याशेजारीच बसून अभ्यास करणार, पोट दुखतं म्हणून गरम पाण्याची पिशवी भाऊच भरून देणार. मेडिकलमधून पॅड आणायला पहिल्यांदा त्याला पाठवलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला होता. आता दुकानदारानं पेपरात गुंडाळायला घेतलं की म्हणतो, राहू द्या, पिशवी आहे. सासूबाईंनी हे सगळं दोन दिवस बघितलं. काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी देवापुढचा दिवा त्यांनी मुलीला न सांगता स्वतःच लावला आणि त्यावर कोणीच चर्चा केली नाही. आमच्या घरातले मोठमोठे बदल असे न बोलताच होतात. सगळंच बोलून सोडवावं या मताची मी नाही.

पाठमोऱ्या बोलण्याची सवय मला लहानपणीच लागली असावी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीचा भूकंप. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या गावात माणसं वाचली, पण माळवदाची घरं तडकली, आणि बावन्न गावांचं काय झालं ते कळल्यावर माळवदाखाली झोपायला कोणी तयार होईना. अंगणात एका रांगेत अंथरुणं. आई, आम्ही भावंडं, आजी, कडेला वडील. वडील आमच्याशी "अभ्यास करा" आणि "पाणी आणा" यापलीकडं कधी बोललेले नव्हते. त्या रात्रींत, सगळेच आभाळाकडं तोंड करून पडलेले असताना, ते बोलायला लागले. 1972 च्या दुष्काळात ते आज माझी मुलगी आहे तेवढे होते. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायचे. मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी, सुकडी. हाताला फोड आले की त्यांची आई रात्री तेल लावायची आणि तीही काही बोलायची नाही. हे सगळं ते कोणाला सांगत होते कोण जाणे, बहुतेक अंधाराला. आम्ही श्वास रोखून ऐकायचो. जमीन मध्येच हलायची, सगळे गप्प, मग पुन्हा सुरू. पुढं पत्र्याचे शेड आले, नंतर पक्क्या भिंती आल्या, आणि वडील परत गप्प झाले.

मुलांना घरातल्या पैशाचं किती सांगावं, यावर आमच्या दोघांचं कायम वाजतं. ह्यांचं म्हणणं, पोरांच्या डोक्याला ताप कशाला, त्यांनी शिकावं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पाऊस कोसळला. ह्यांचा फोन आला, "पाणी निघंना रानातून." काढणीला आलेलं सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, शेंगांना कोंब आले. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला 5328, बाजारात भाव त्याच्या बराच खाली, आणि आमच्या भिजल्या मालाला तर कोणी हात लावायला तयार नव्हतं. हे म्हणाले, पोरीची टेस्ट सिरीज चालू आहे, तिला काही कळू देऊ नको.

कळू देऊ नको! पोरीच्या हातात मोबाइल आहे. पाण्यात बुडालेल्या शिवाराचे व्हिडिओ तिच्यापर्यंत माझ्या आधी पोचले होते. तिनं मला काही विचारलं नाही. फक्त अभ्यासिकेतली जागा सोडून दिली, "घरीच बरं होतंय" म्हणाली. महिन्याची ती फी काही डोंगराएवढी नव्हती. मोठ्यांनी आकडा लपवला की मुलं स्वतःच एक आकडा मांडतात, आणि त्यात सगळी उधारी स्वतःच्याच नावावर टाकतात. त्या रात्री भांडी घासता घासता मी दोघांना हिशेब सांगितला. किती येणार होते, किती आले, बँकेचं किती, तुझ्या क्लासचा हप्ता कशातून जाणार, डब्यांचं किती उरतं. मुलगी भांडी विसळत होती. "म्हणजे अभ्यासिका चालू ठेवता येईल?" "येईल." "मग ठेवते." मुलगा दारात उभा होता, म्हणाला, "माझे बूट पुढच्या वर्षी घेतले तरी चालतील." ह्यांना हे सगळं मी नंतर सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी फोनवर तुटक बोलले. चालायचंच.

सगळं सांभाळून कसं करता हो, असं गल्लीतल्या नव्या बायका विचारतात. मी सगळं सांभाळत नाही. पेरणीच्या दिवसांत मी गावाकडं असते आणि इथं पोरं शेजारच्या वहिनींच्या हातचं खातात. परीक्षेच्या दिवसांत इथं असते आणि तिकडं सासूबाई गुडघे धरून म्हशीचं बघतात. प्रत्येक मोसमात कोणाला ना कोणाला कमी पडतंच. फक्त या वेळी कोणाला कमी पडणार आहे हे त्या माणसाला आधी सांगायचं, एवढं मी पाळते. मुलाला सांगितलं, बाळा, या वर्षी ताईकडं जास्त लक्ष जाणार, तुझ्या पालकसभेला कदाचित येणं होणार नाही, मेनंतर मी तुझी. तो म्हणाला, "लिहून दे." मी कालनिर्णयवर जून महिन्याच्या पानावर त्याचं नाव लिहून दिलं. मधूनमधून तो पान उलटून बघतो, मी खोडलं तर नाही ना.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेला, आम्ही तिघंही गावाकडं गेलो. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, इथं कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं असं बाहेरून आलेले लोक म्हणतात. मुलीनं आदल्या रात्री पुस्तकं पिशवीत भरली आणि सकाळी गुपचूप काढून ठेवली. शेतात कडब्याची कोपी, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले. भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. सासूबाईंनी आंबिलीचं बिंदगं खांद्यावर शालीत गुंडाळून आणलेलं, त्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मुलगा आरोळ्या देत शिवारभर आंबील शिंपडून आला, घसा बसेपर्यंत. मुलगी तीन वेळा भज्जी घेऊन कोपीत आडवी झाली.

दुपारी मी हरभऱ्याच्या कडेनं भाजी खुडत होते. बांधावर हे आणि मुलगा शेजारी शेजारी बसले होते, दोघांची तोंडं तुरीच्या रानाकडं. मुलगा बोलत होता. हात हलवून, थांबून, परत सुरू करून. हे मध्येच एखादं ढेकूळ उचलून लांब फेकायचे, तेवढंच. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. घरी आल्यावर मी काय बोलत होतात ते विचारलं नाही, पण मला थोडं लागलं, हे मान्य करते. इतके दिवस मला वाटत होतं की ऐकायची जागा माझीच आहे, ओट्याशी आणि स्कूटीवर. बांधावरही एक जागा आहे, आणि ती वर्षभर रिकामी पडलेली असते.

चार दिवसांनी स्कूटीवर मागून आवाज आला. दहावीला तो गावाकडच्या शाळेत जाईन म्हणतो. गावात दहावीपर्यंत शाळा आहे. पप्पांना मोटार चालू करायला रात्री एकट्यानं जावं लागतं, लाइट रात्रीचीच येते. आज्जीचे गुडघे दुखतात. आणि त्याला डॉक्टर व्हायचं नाही, हे तो मला आताच सांगून ठेवतो. मी सिग्नलला थांबले, तरीही तो बोलत राहिला. शेजारच्या गाडीवरचा माणूस ऐकत होता.

घरात यावर तीन मतं आहेत. ह्यांना हे मुळीच मान्य नाही, एवढा खर्च करून लातूरला आणलं ते परत पाठवायला का? सासूबाई म्हणतात, पोरगं बापाजवळ असलेलं बरं. मुलगी म्हणते, आई, तो गेला तर तू तिकडं जाशील का इथं राहशील, आणि मला मेडिकलला नंबर लागला किंवा नाही लागला तर मी कुठं असेन, ते आधी ठरवा. मी अजून हो म्हटलेलं नाही. जूनच्या डब्यांसाठी दोन आया विचारून गेल्या, त्यांनाही काही सांगितलेलं नाही.

दहावीत शाळा बदलायची तर अर्जात कारण द्यावं लागतं, असं शेजारच्या वहिनी म्हणतात. काय कारण देणार, मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "खरं ते लिही ना. वडील एकटे असतात." शाळेत हे कारण चालतं का, ते मार्चमध्ये ऑफिसात जाऊन क्लार्कला विचारायचं ठरवलंय.